ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

नाशिक रोडहून पूर्वेकडे काही किलोमीटर गेले, की एकलहरे हे गाव लागते. तेथील औष्णिक वीजकेंद्राची उंच धुराडी पुष्कळ दुरून दृष्टीस पडतात. कार्तिक महिन्यात दिवेलागणीनंतर वीजकेंद्राच्या झगमगाटापासून दूर, एखाद्या शेताच्या बांधावर उभे राहावे आणि पूर्वेकडे पाहावे. थोड्या वेळाने क्षितिजाच्या वर चांदण्यांचा एक लहानसा झुबका चढू लागतो. नुसत्या डोळ्यांना त्यात सहा तारका मोजता येतात. ह्याच कृत्तिका. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र ह्यांच्या आसपास असतो, त्या महिन्यास आपण कार्तिक म्हणतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास आणि सप्टेंबरच्या २३ तारखेच्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेस उगवतो. त्या दिवशी तो ज्या झाडामागून अथवा टेकडीमागून वर आला, ते ठिकाण हेरून ठेवले, तर पुढे कार्तिकात असे आढळून येईल की, कृत्तिका त्या ठिकाणी उगवत नाहीत. त्या डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे, बऱ्याच अंतरावर उगवतात. हात लांब करून मूठ आडवी धरली, तर ती आकाशाचा सुमारे दहा अंशांचा भाग झाकते. ह्या मापाने पूर्वबिंदूपासून कृत्तिकांच्या उगवण्याचे अंतर अडीच मुठींच्या जवळपास भरते.

परंतु शतपथ ब्राह्मण ह्या आपल्या अतिप्राचीन ग्रंथात, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे मात्र ढळतात, अशा आशयाचा उल्लेख आला आहे. मग खरे काय मानावे? ग्रंथातले की डोळ्यांना दिसणारे? शेकडो पंडितांनी तो उल्लेख वाचला असेल आणि पान उलटून ते पुढे गेले असतील. ज्यांना तो वाचून आकाशाकडे पाहावेसे वाटले आणि पाहिल्यावर गणित मांडल्याशिवाय राहवले नाही, ते एक शाळामास्तर होते. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म १८५३ च्या जुलै महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, मुरुड ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. नारळी-पोफळीच्या बागा आणि पुढे पसरलेला सागर, असे हे गाव आहे. दिवे थोडे आणि आकाश मोठे, अशा ठिकाणी वाढलेल्या मुलास चांदण्यांची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही. गावातील शाळेत मराठी शिक्षण आणि त्याबरोबर थोडे संस्कृत अध्ययन झाल्यावर ते पुण्यास गेले आणि तेथील ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिक्षकाचे शिक्षण पुरे केले. १८७४ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. विद्यापीठाची पदवी घेण्याचा योग त्यांना पुढे आला नाही. ज्या ज्योतिषशास्त्रात त्यांनी नाव मिळविले, ते त्यांना कोणत्याही महाविद्यालयाने शिकविले नव्हते. येथे ज्योतिष म्हणजे कुंडली पाहून भविष्य सांगणे नव्हे. सूर्य, चंद्र, ग्रह व तारे ह्यांच्या गतींचे गणित, ह्या अर्थी तो शब्द दीक्षितांनी वापरला आहे व येथेही तो त्याच अर्थी घ्यावयाचा आहे.

त्यांची सगळी हयात शिक्षकाच्या नोकरीत गेली. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील रेवदंडा, मग ठाणे, मग सोलापूर जिल्ह्यातील बार्शी, त्यानंतर धुळे आणि शेवटी पुणे, अशी त्यांची बदली होत गेली. धुळ्यास व पुण्यास ते भावी शिक्षकांना शिकवीत असत. बदली म्हणजे नुसते गाव बदलणे नव्हे. बिऱ्हाड हलवावे लागते, पुस्तकांचे गठ्ठे बांधावे लागतात, नव्या शाळेची घडी बसवावी लागते. दिवसभर वर्गात बोलून घरी आलेल्या शिक्षकाजवळ संध्याकाळी किती शक्ती उरते, हे ज्याने तो व्यवसाय केला आहे त्यालाच ठाऊक. दीक्षितांनी आपला सारा अभ्यास ह्या उरलेल्या वेळात केला. मुलांसाठी लिहिणेही त्यांनी लवकरच सुरू केले होते. विद्यार्थीबुद्धिवर्धिनी आणि सृष्टचमत्कार ही त्यांची पुस्तके ह्याच काळातील होत.

रेवदंड्यापासून थोड्या अंतरावर, त्याच किनाऱ्यावर नांदगाव आहे. त्या नांदगावी गणेश दैवज्ञ नावाचा थोर गणिती होऊन गेला. त्याने १५२० साली ग्रहलाघव हा ग्रंथ रचला. त्याचे वडील केशव हे स्वतः आकाशाचे वेध घेत, म्हणजे ग्रहताऱ्यांची स्थाने प्रत्यक्ष पाहून मोजीत. मुलाने किचकट गणित सोपे करून दाखविले. ग्रहलाघव इतका सुटसुटीत ठरला की, महाराष्ट्रातील जोशी पुढे साडेतीनशे वर्षे त्याच्यावरून पंचांगे करीत राहिले. परंतु सोपे केलेल्या गणितात थोडी चूक राहतेच आणि ती वर्षानुवर्षे साचत जाते. एकोणिसाव्या शतकात तिचा परिणाम कोणाच्याही नजरेस येऊ लागला. पंचांगात ग्रहणाची जी वेळ दिलेली असे, तिच्या मागेपुढे ग्रहण लागे. ग्रह पंचांगात एका जागी असे, आकाशात दुसऱ्या जागी.

पंचांगातील पहिली मोठी सुधारणा पुण्याचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी केली. त्यांनी पाश्चात्त्य ज्योतिषांच्या शुद्ध गणिताच्या आधारे १८६० साली ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांच्या पद्धतीचे पंचांग आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने निघू लागले, म्हणून ते पटवर्धनी पंचांग ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यातील ग्रह आकाशातील ग्रहांशी जुळत. तथापि दुसरा एक प्रश्न शिल्लक राहिला. तो अधिक अवघड होता, कारण तो लोकांच्या सणावारांना जाऊन भिडत होता.

तो प्रश्न संक्रांतीच्या उदाहरणाने सहज कळेल. मकरसंक्रांतीस सूर्याचे उत्तरायण सुरू होते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु अंगणात एक काठी सरळ रोवून रोज दुपारी तिची सावली मोजली, तर वेगळेच आढळते. सर्वांत लांब सावली डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास पडते आणि त्यानंतर ती आखूड होऊ लागते. म्हणजे सूर्य त्याच दिवशी उत्तरेकडे वळलेला असतो. संक्रांत येते जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेस. तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे आणि ते वाढतच आहे. दीक्षित लहान असताना, १८६३ साली, संक्रांत १२ जानेवारीस आली होती. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण ही दोन्ही एकाच दिवशी येत असत.

असे का व्हावे? भोवरा फिरताना त्याचा वेग मंदावला की त्याचे वरचे टोक हळूहळू वर्तुळात डोलू लागते, हे आपण पाहिलेले असते. पृथ्वीचा आसही तसाच डोलतो, मात्र अत्यंत संथपणे. एक फेरा पुरा करण्यास त्याला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे ज्या बिंदूवर सूर्य आला असता दिवस व रात्र समान होतात, तो संपातबिंदू ताऱ्यांमधून मागे मागे सरकतो. सुमारे ७२ वर्षांत तो एक अंश सरकतो. ह्यास अयनचलन म्हणतात. वर्षाचा आरंभ संपातावरून मोजला तर ऋतू कधी ढळत नाहीत. ही सायन पद्धती. तो ताऱ्यांतील एका स्थिर बिंदूवरून मोजला तर नक्षत्रे ढळत नाहीत, पण ऋतू पुढेमागे होतात. ही निरयन पद्धती. आपली पंचांगे निरयन आहेत.

विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित ह्या तिघांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. आपले सण ऋतूंशी बांधलेले आहेत, मग वसंत पुढे आणि वसंताचा सण मागे, असे का होऊ द्यावे, अशी त्यांची विचारसरणी होती. ह्या वादाने त्या काळची सुशिक्षित मंडळी ढवळून निघाली. सायन पंचांग छापले जाऊ लागले, परंतु लोकांनी ते स्वीकारले नाही. शेजारच्या घरी गुढी एका दिवशी आणि आपल्या घरी दुसऱ्या दिवशी, हे कोणत्या गृहस्थास रुचेल? येथे दीक्षितांचा पक्ष हरला, असेच म्हटले पाहिजे. मात्र हरलेल्या पक्षातील माणसे पुष्कळदा कडवट होतात, तसे त्यांचे झाले नाही. पुढे आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी ह्या वादाची हकीकत लिहिली, तेव्हा विरुद्ध पक्षाचे म्हणणेही नीट मांडले.

वाद घालता घालता त्यांच्या लक्षात आले असावे की, आपल्या देशात ज्योतिषाचे ग्रंथ शेकडो आहेत, पण त्यांचा क्रमवार इतिहास कोणीच लिहिलेला नाही. अमुक शोध कोणी लावला, तो कोणाकडून कोणाकडे गेला, आपण दुसऱ्यांपासून काय घेतले व दुसऱ्यांस काय दिले, हे कळण्यास साधन नव्हते. १८८४ साली पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ह्या विषयावर ग्रंथ लिहिणारास पारितोषिक जाहीर केले. दीक्षित तेव्हा बार्शीस होते. बार्शी ही व्यापाराची पेठ. तेथे ग्रंथालय नाही, वेधशाळा नाही, चर्चा करावयास विद्वानांची सभा नाही. जे हवे ते गावोगावच्या जोशी-शास्त्र्यांच्या घरी, फडक्यात बांधून ठेवलेल्या पोथ्यांमध्ये होते. कोणाची पोथी अपुरी, कोणाची अशुद्ध, कोणी ती दाखवावयास नाखूश. त्यातून त्यांनी वाट काढली. नुसते ग्रंथकाराचे नाव व शक लिहून ते थांबत नसत. ग्रंथात जे गणित सांगितले असेल ते करून पाहावयाचे, त्यावरून ग्रहाचे जे स्थान येईल ते शुद्ध स्थानाशी ताडून पाहावयाचे, आणि मग त्या ग्रंथाची योग्यता ठरवावयाची, असा त्यांचा शिरस्ता होता.

ह्याच सुमारास त्यांच्या विद्येची परीक्षा होण्याचा एक प्रसंग आला. जे. एफ. फ्लीट नावाचे इंग्रज संशोधक गुप्त राजांचे शिलालेख व ताम्रपट अभ्यासत होते. त्या लेखांवर गुप्त शकाची वर्षे घातलेली असत. परंतु तो शक मुळात सुरू केव्हा झाला, ह्याविषयी विद्वानांत मोठा गोंधळ होता. शकाचा आरंभ कळला नाही, तर समुद्रगुप्त, चंद्रगुप्त इत्यादी पराक्रमी राजे कोणत्या शतकात होऊन गेले हे निश्चित सांगता येत नव्हते. मध्य प्रदेशात एरण येथे दगडी स्तंभावर बुधगुप्त राजाच्या वेळचा एक लेख आहे. त्यावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, असा काळ दिला आहे. आता तिथी ही चंद्र-सूर्याच्या अंतरावरून ठरते आणि वार हे तर एकामागून एक अखंड चालत आलेले आहेत. तेव्हा शकाचा आरंभ अमुक साली मानल्यास त्या तिथीस गुरुवार येतो की नाही, हे गणिताने पडताळता येते. दीक्षितांनी ते गणित केले. गुप्त शकाचा आरंभ इसवी सन ३१९-२० मानला म्हणजे ती तिथी इसवी सन ४८४ च्या जून महिन्याच्या २१ तारखेस येते आणि त्या दिवशी गुरुवारच होता. एकाच लेखाचा वार जुळला तर तो योगायोग म्हणता येईल, कारण वार मुळी सातच. म्हणून इतर लेखांचीही अशीच छाननी झाली. फ्लीट ह्यांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला, त्यात दीक्षितांच्या गणिताचा आधार घेतलेला आहे. चौदाशे वर्षांपूर्वी कोणा अज्ञात कारागिराने दगडात खोदलेला वार खरा होता, ह्याची साक्ष एका शिक्षकाने कागदावर मांडलेल्या आकड्यांनी दिली.

गुप्तकाळच्या काही ताम्रपटांत वर्षांना महावैशाख, महाआश्वयुज अशी नावे दिलेली आढळतात. ती कशावरून पडली, हेही दीक्षितांनी उलगडून दाखविले. गुरू हा ग्रह दरवर्षी काही दिवस सूर्याच्या तेजात लोपतो. त्यास गुरूचा अस्त म्हणतात. पुढे तो पहाटे पूर्वेस पुन्हा दिसू लागतो. हा उदय ज्या नक्षत्रात व्हावयाचा, त्यावरून त्या वर्षास नाव मिळे. अशी बारा नावे आणि बारा वर्षांचे चक्र. नाशिककरांना गुरूच्या ह्या चक्राची चांगली ओळख आहे, फक्त त्यांच्या ते ध्यानी येत नाही. गुरू सिंह राशीत आला म्हणजे नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ भरतो आणि गोदावरीच्या घाटांवर माणसांचा महापूर लोटतो. गुरूस आकाशाची एक फेरी करण्यास बारांपेक्षा किंचित कमी वर्षे लागतात. ही तूट साचत जाऊन केव्हातरी एक वर्ष कमी पडते. त्यामुळेच १९८० नंतरचा सिंहस्थ १९९२ पर्यंत न थांबता १९९१ सालीच आला.

धुळ्यास असताना दीक्षितांनी एक निराळेच पुस्तक लिहिले. त्याचे नाव ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. दोन घटका म्हणजे पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ. रात्रीचे जेवण झाल्यावर निजण्यापूर्वी एवढा वेळ कोणालाही काढता येतो. मोठमोठ्या पोथ्यांची गणिते तपासणाऱ्या विद्वानाने हे पुस्तक सामान्य वाचकांसाठी, गच्चीवर किंवा अंगणात उभे राहून आकाश पाहू इच्छिणाऱ्या माणसांसाठी लिहिले. त्यास महाग यंत्रे लागत नाहीत. स्वच्छ आकाश, काळोखी जागा आणि नियमितपणा एवढे पुरते. आज मृग कोठे आहे, महिन्यानंतर त्याच वेळी तो कोठे असेल, ग्रह कोणता व तारा कोणता, हे पाहता पाहता आकाशाची रचना मनात आपोआप ठसते. ग्रह ओळखण्याची साधी खूण म्हणजे त्याचा प्रकाश ताऱ्यासारखा लुकलुकत नाही, बहुधा स्थिर असतो, आणि काही आठवडे लक्ष ठेवले असता तो शेजारच्या ताऱ्यांमधून सरकलेला दिसतो. माझ्या मते ज्यांस दीक्षितांचा थोरपणा समजून घ्यावयाचा असेल, त्यांनी आरंभ ह्या लहान पुस्तकापासून करावा. मोठा ग्रंथ पुढे केव्हाही वाचता येईल.

आता कृत्तिकांकडे वळू. शतपथ ब्राह्मणातील तो उल्लेख दीक्षितांनी वाचला, तेव्हा तो खोटा म्हणून टाकून देण्याचा सोपा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. प्राचीन ऋषींची वाणी म्हणून डोळे मिटून मान डोलविण्याचा, त्याहूनही सोपा, मार्गही त्यांनी पत्करला नाही. ज्याने हे लिहिले त्याने कृत्तिका बरोबर पूर्वेस उगवताना पाहिल्या असल्या पाहिजेत, असे त्यांनी गृहीत धरले. मग प्रश्न एवढाच उरला की, असे केव्हा दिसत होते? जो तारा विषुववृत्ताच्या पातळीत असतो, तोच नेमका पूर्वेस उगवतो. आज कृत्तिका त्या पातळीच्या पुष्कळ उत्तरेस आहेत. परंतु पृथ्वीचा आस डोलत असल्यामुळे ताऱ्यांची ही स्थिती कायम राहत नाही. ती दर वर्षी किती पालटते हे ठाऊक असल्यामुळे मागे मागे मोजीत जाता येते. दीक्षितांनी तसे मोजले. कृत्तिका विषुववृत्तावर होत्या तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३,००० वर्षे असा निघाला. म्हणजे आजपासून पाच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी भारतीय भूमीवर उभा राहून पूर्व क्षितिजाकडे पाहत होता आणि त्याने जे पाहिले ते शब्दांत जतन झाले.

हा शोध त्यांनी १८९५ साली इंडियन अँटिक्वेरी ह्या इंग्रजी मासिकात मांडला. त्याच काळात लोकमान्य टिळकांनीही नक्षत्रांच्या उल्लेखांवरून वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला होता. ओरायन हा त्यांचा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. दीक्षितांच्या निष्कर्षावर सर्वांचे एकमत झाले, असे मात्र नाही. काही विद्वानांनी त्या उल्लेखाचा अर्थ इतका काटेकोर घेऊ नये असे म्हटले. वेध जुना असेल, पण तो पिढ्यान्पिढ्या मुखोद्गत राहून पुष्कळ नंतर ग्रंथात आला असेल, असेही काहींचे मत पडले. हा वाद अजून मिटलेला नाही. पण ज्यास प्रतिपक्षी व्हावयाचे असेल त्यासही प्रथम दीक्षितांचे गणित समजून घ्यावे लागते.

त्यांचा मोठा ग्रंथ लिहून झाल्यावरही छापून निघण्यास बरीच वर्षे गेली. भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास १८९६ साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात छापून प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून दीक्षितांच्या स्वतःच्या काळापर्यंतचा वृत्तांत त्यात आला आहे. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य ह्यांच्याबरोबर, ज्यांची नावे गावाबाहेर कोणास ठाऊक नव्हती असे कितीतरी ग्रंथकार त्यात भेटतात. इंग्रजीत लिहिला असता तर युरोपात त्याचा तत्काळ बोलबाला झाला असता. इंग्रजीत लिहिणे त्यांना अवघड नव्हते, हे त्यांच्या लेखांवरून स्पष्ट आहे. तरी त्यांनी तो मराठीत लिहिला. ज्या लोकांच्या घरात रोज पंचांग उघडले जाते, त्यांच्या भाषेत त्याचा इतिहास असावा, हे सयुक्तिकच होते. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल ह्या मद्रासकडील इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी सिद्ध केलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या कोणत्याही हिंदू तिथीची इंग्रजी तारीख काढण्याची कोष्टके त्यात आहेत. शिलालेख वाचणाऱ्या संशोधकांच्या हाताशी हा ग्रंथ त्यानंतर पिढ्यान्पिढ्या राहिला.

१८९८ च्या जानेवारी महिन्याच्या २२ तारखेस महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. कोकणात विजयदुर्गास नॉर्मन लॉकियर हे विख्यात इंग्रज शास्त्रज्ञ मोठी यंत्रसामग्री घेऊन येऊन राहिले. सोलापूरकडील जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला ह्यांनी आपल्या दुर्बिणी रोखल्या. भारतातील नव्या ज्योतिषशास्त्राचा हा एक मोठा दिवस होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, पुण्यास दीक्षितांचे निधन झाले. त्यांना पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पंचांगशुद्धीचा वाद तसाच राहिला होता आणि भारतवर्षाच्या भूगोलावरील त्यांचे पुस्तक अद्याप वाचकांच्या हाती पडावयाचे होते. ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले.

त्यांच्या मागे आकाश पाहणारांची परंपरा पुण्यात टिकून राहिली. २२ ऑगस्ट १९४४ रोजी तेथे ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही भारतातील सर्वांत जुनी संस्था होय. शिक्षक, विद्यार्थी, कारकून, व्यापारी असे नाना व्यवसायांचे लोक अमावास्येच्या सुमारास गावाच्या दिव्यांपासून दूर जमावयाचे, एकमेकांस तारे दाखवावयाचे, दुर्बिणीतून शनीची कडी पाहावयाची, ग्रहणाच्या व धूमकेतूच्या नोंदी करावयाच्या, अशी अशा मंडळांची रीत असते. नाशिकच्या परिसरातही असे हौशी लोक आहेत. शहर वाढत चालले, दिवे वाढत चालले, त्यामुळे त्यांना पूर्वीपेक्षा अधिक दूर जावे लागते, एवढेच.

पंचांगाच्या प्रश्नाकडे स्वतंत्र भारताने पुन्हा लक्ष दिले. शास्त्रज्ञ मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ ह्या दिवसापासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचा पहिला दिवस १ चैत्र १८७९ हा होता. तिचे वर्ष संपातावरून मोजतात, म्हणजे ते सायन आहे. सणवार मात्र बहुतेक घरांत अजून जुन्याच पद्धतीने पाळले जातात. त्याच १९५७ साली दीक्षितांच्या ग्रंथाचे हिंदी भाषांतर प्रसिद्ध झाले. इंग्रजी भाषांतर भारत सरकारने दोन भागांत काढले, पहिला भाग १९६९ साली आणि दुसरा १९८१ साली. तोपर्यंत, पाऊणशे वर्षांहून अधिक काळ, भारतीय ज्योतिषाचा हा इतिहास समग्र वाचावयाचा असेल तर देशोदेशीच्या पंडितांना मराठीचा, किंवा १९५७ नंतर हिंदीचा, आश्रय करावा लागत होता.